कला-वाणिज्य शाखांसाठी जीवशास्त्र : तीस तासिकांत काय शिकवावे?

महाविद्यालयाच्या कला किंवा वाणिज्य शाखेत प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याची जीवशास्त्राशी असलेली गाठ बहुधा शालान्त परीक्षेबरोबरच सुटते. पेशी, ऊती, प्रकाशसंश्लेषण, मेंडेलचे वाटाणे हे सारे गुणपत्रिकेवरील एका आकड्यात जमा होते आणि वही रद्दीत जाते. परंतु हाच विद्यार्थी पुढे शिक्षक होतो, महसूल किंवा ग्रामपंचायत विभागात कर्मचारी म्हणून रुजू होतो, बँकेत पीककर्जाचे अर्ज तपासतो, सरपंच म्हणून निवडून येतो आणि आई किंवा बाप या नात्याने घरातील प्रकृतीविषयक निर्णयही घेतो. रात्री साप चावलेल्या माणसाला कोठे न्यावयाचे, विवाहापूर्वी रक्ततपासणी करावयाची की नाही, औषधाचा क्रम अर्धवट सोडावयाचा की पुरा करावयाचा, या गोष्टी ठरविणारी माणसे बहुसंख्येने विज्ञानाचे पदवीधर नसतात. म्हणूनच या विद्यार्थ्यांना जीवशास्त्र काय व कसे शिकवावे, हा प्रश्न केवळ विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांचा न राहता सार्वजनिक हिताचा ठरतो.

या प्रश्नाला आता व्यवहारात महत्त्व आले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० च्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्रात जो आराखडा स्वीकारण्यात आला, तो स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून व संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाला. त्यात विद्यार्थ्याने आपल्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरील ‘ओपन इलेक्टिव्ह’ विषय घ्यावेत, अशी योजना आहे. मराठी साहित्य किंवा लेखाशास्त्र हा मुख्य विषय असलेल्या मुलामुलींसमोर जीवशास्त्राच्या प्राध्यापकाला उभे राहण्याची संधी त्यामुळे मिळाली. एका श्रेयांकास पंधरा तासिका या हिशेबाने दोन श्रेयांकांच्या विषयाला जेमतेम तीस तासिका येतात. अनेक विद्यार्थ्यांच्या आयुष्यातील जीवशास्त्राच्या या अखेरच्याच तासिका होत. त्या कशा खर्च कराव्यात, याचा विचार करणे म्हणूनच अगत्याचे आहे.

पातळ केलेले विज्ञान नव्हे

अशा अभ्यासक्रमाची आखणी करताना सर्वांत सोपा मार्ग म्हणजे विज्ञान शाखेच्या प्रथम वर्षाचा अभ्यासक्रम घेणे, त्यातील कठीण भाग गाळणे आणि उरलेला शिकविणे. या पद्धतीत सजीवांचे वर्गीकरण, पेशीची अंगके, पचनसंस्था, उत्सर्जनसंस्था असे पाठ ओळीने येतात. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे पाठ उपयोगी पडतात, कारण त्यांच्यावर पुढील दोन-तीन वर्षांची इमारत उभी राहावयाची असते. ज्याला पुढे इमारत बांधावयाचीच नाही, त्याच्या पदरी मात्र नुसता पाया पडतो. तो व्याख्या पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि विसरून जातो.

आपल्या देशात या प्रकारचा एक मोठा प्रयत्न पूर्वी झालेला आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिलेल्या निर्णयानंतर पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व स्तरांवर अनिवार्य करण्याच्या दिशेने पावले पडली. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा गाभा-अभ्यासक्रम तयार केला. त्यात क्षेत्रभेटींनाही स्थान होते. जेथे शिक्षक विद्यार्थ्यांना ओढ्याकाठी किंवा गायरानात घेऊन गेले, तेथे तो विषय जिवंत झाला. जेथे तो टिपणांपुरता राहिला, तेथे त्याची एक जादा उत्तरपत्रिका झाली. अभ्यासक्रम एकच असूनही फरक पडला, तो शिकविण्याच्या रीतीमुळे.

परदेशांतही याच दिशेने विचार झालेला दिसतो. अमेरिकेतील विज्ञान प्रगती संघटनेने २०११ मध्ये पदवीपूर्व जीवशास्त्राविषयी प्रसिद्ध केलेल्या अहवालात उत्क्रांती, रचना व कार्य, माहितीचे संक्रमण, ऊर्जा व द्रव्य यांचे रूपांतर आणि जैविक व्यवस्था या पाच मूलभूत कल्पनांवर भर दिला आहे. कल्पना थोड्या घ्याव्यात, पण खोलवर शिकवाव्यात, असा या अहवालाचा आग्रह आहे. विज्ञानेतर विद्यार्थ्यांना तर हे तत्त्व अधिकच लागू पडते.

आरंभ रोजच्या बोलण्यापासून

कला शाखेचा विद्यार्थी वर्गात येतो तेव्हा त्याची पाटी कोरी नसते. निसर्गाविषयीच्या कितीतरी समजुती त्याच्या बोलण्यात आधीच रुजलेल्या असतात. ‘खत हे पिकाचे अन्न’, ‘हे त्यांच्या रक्तातच आहे’, ‘अळीला औषधाची सवय झाली’, ‘मांत्रिकाने उतार दिला’ ही वाक्ये गावोगाव रोज ऐकू येतात. प्रत्येक वाक्यात थोडे निरीक्षण आहे आणि थोडी चूकही आहे. त्यांची थट्टा केल्याने विद्यार्थी दुरावतो. उलट, त्यांतील नेमके किती खरे, हे पुराव्याने तपासावयास शिकविले तर जीवशास्त्राचा जवळजवळ संपूर्ण गाभा या चार वाक्यांतून हाती लागतो. भाषेचा विद्यार्थी शब्दांच्या अर्थाबाबत मुळातच जागरूक असतो. त्याच्यासाठी हा मार्ग विशेष सोयीचा आहे.

पहिले वाक्य घेऊ. चिंचेचे एवढे मोठे झाड उभे राहिले, त्याचे लाकूड आले कोठून, असा प्रश्न वर्गात विचारला तर बहुतेकांचे उत्तर ‘मातीतून’ असे येते. बेल्जियममधील व्हान हेल्माँट या वैद्याने सतराव्या शतकात नेमका हाच प्रश्न तराजूने तपासला. त्याने २०० पौंड कोरडी माती एका कुंडीत भरून तीत ५ पौंड वजनाचे विलो जातीचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला केवळ पाणी घातले. पाच वर्षांनी झाडाचे वजन १६९ पौंडांवर गेले. माती मात्र अवघी सुमारे दोन औंस घटली होती. हा वृत्तान्त त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये प्रसिद्ध झाला.

झाडाचे वजन मातीतून येत नाही, हा त्याचा निष्कर्ष योग्य होता. ते सर्वस्वी पाण्यातून येते, हा निष्कर्ष अपुरा होता. गंमत अशी की ‘गॅस’ हा शब्द प्रचारात आणणारा आणि लाकूड जळताना बाहेर पडणाऱ्या वायूची नोंद करणारा शास्त्रज्ञ हाच. पण तोच वायू झाडात परत जात असेल, हे त्याच्या ध्यानी आले नाही. १७७९ मध्ये इंगेनहाउझने सूर्यप्रकाशाचे महत्त्व दाखविले आणि १८०४ मध्ये द सोस्यूरने मोजमापांनी हवा व पाणी या दोहोंचा वाटा स्पष्ट केला. मोजमाप अचूक असूनही निष्कर्ष अपुरा राहू शकतो, हा धडा विद्यार्थ्याला येथे एका कुंडीतून मिळतो.

या पाठासाठी प्रयोगशाळेचीही आवश्यकता नाही. चुलीत दोन मोळ्या लाकूड जळते आणि ओंजळभर राख उरते, हे प्रत्येक खेडुताने पाहिलेले आहे. जे उरले ते प्रामुख्याने जमिनीतून आलेले क्षार; जे गेले ते मुख्यतः हवेतून आलेले व हवेत परतलेले. खताची गरज यामुळे नाहीशी होत नाही. नत्र, स्फुरद, पालाश ही द्रव्ये अल्प प्रमाणात पण अनिवार्यपणे लागतात. मात्र अन्न पानात तयार होते आणि खत त्या कामाला साहाय्य करते, हे एकदा कळले म्हणजे ‘जितके खत अधिक तितके पीक अधिक’ हा हिशेब चुकीचा का, हेही आपोआप उमगते.

दोन नाणी आणि एक कुटुंब

‘रक्तातच आहे’ या दुसऱ्या वाक्यातून आनुवंशिकतेकडे वळता येते. मेंडेलचे वाटाणे शाळेत येऊन गेलेले असतात. येथे सिकलसेल आजाराचे उदाहरण अधिक समर्पक ठरेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार अशा जिल्ह्यांत हा आजार आढळतो. रक्तातील हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या स्थानावरील एक अमिनो आम्ल बदलते आणि प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. त्या लहान रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यामुळे असह्य वेदना होतात, पेशी लवकर नाश पावतात आणि पंडुरोग होतो. आई व बाप दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच हा आजार होतो. एकाकडूनच आले तर ती व्यक्ती वाहक असते आणि सामान्यतः निरोगी जीवन जगते.

वर्गात साठ विद्यार्थी असल्यास दोघादोघांच्या तीस जोड्या पाडाव्यात. प्रत्येकाने एक नाणे घ्यावे. छापा म्हणजे निर्दोष जनुक, काटा म्हणजे सदोष जनुक. प्रत्येक जोडी हे वाहक असलेले एक काल्पनिक दांपत्य. दोन्ही नाणी एकदम उडविली की एका अपत्याची नोंद झाली. अशा चार अपत्यांच्या नोंदी प्रत्येक जोडीने कराव्यात आणि सर्व कुटुंबांचे निकाल फळ्यावर लिहावेत. दोन्ही काटे पडण्याची शक्यता चारांत एक. म्हणून प्रत्येक कुटुंबात एकच आजारी अपत्य निघेल, अशी अनेकांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात तीसपैकी साधारण नऊ-दहा कुटुंबांत एकही आजारी अपत्य निघत नाही, बारा-तेरा कुटुंबांत एक निघते आणि सात-आठ कुटुंबांत दोन किंवा अधिक निघतात.

या खेळातून दोन घातक गैरसमज दूर होतात. ‘पहिले मूल आजारी निघाले, आता पुढील तीन सुरक्षित’ हा पहिला. नाण्याला आधीच्या डावाची आठवण नसते. प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी शक्यता तीच असते. ‘आमच्या घरात कोणी आजारी नाही, म्हणजे आमच्यात हा दोष नाही’ हा दुसरा गैरसमज. वाहक ओळखण्याचा खरा मार्ग रक्ततपासणी हाच आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानात शून्य ते चाळीस वर्षे वयोगटातील सुमारे सात कोटी व्यक्तींच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. तपासणीचा कागद हाती आल्यावर त्याचा अर्थ घरातील माणसांना समजावून सांगणारा कोणी तरी गावात असावा लागतो. तो बहुधा कला शाखेचाच पदवीधर असणार. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, हे त्याने सांगितले नाही, तर तोच कागद एखाद्या मुलीचे लग्न मोडण्याचे निमित्त होऊ शकतो.

याच पाठाच्या ओघात एकच नाणे पुन्हा हाती घ्यावे. स्त्रीच्या बीजात नेहमी एक्स गुणसूत्र असते. पुरुषाच्या शुक्राणूत एक्स किंवा वाय यांपैकी एक असते. मुलगा की मुलगी, हे शुक्राणूवर अवलंबून असते आणि ते कोणाच्या इच्छेने ठरत नाही. मुली झाल्या म्हणून सुनेला दोष देणाऱ्या घरांत हे एक वाक्य पोहोचणे किती आवश्यक आहे, हे सांगावयास नको. गर्भलिंग तपासणीस आळा घालणारा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. तो १९८८ मध्ये झाला आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. कायद्याच्या कलमांइतकीच त्यामागील जीवशास्त्राची माहितीही घराघरांत पोहोचावयास हवी.

‘सवय’ या शब्दाची चिकित्सा

तिसरे वाक्य कापूस उत्पादकांच्या परिचयाचे आहे. बीटी कापसाला भारतात २००२ मध्ये मान्यता मिळाली आणि दोन जनुके असलेले वाण २००६ पासून आले. बोंडअळीला मारक ठरणारे प्रथिन झाडातच तयार होत असल्याने आरंभी फवारण्या कमी झाल्या. परंतु २०१० मध्ये गुजरातेतील गुलाबी बोंडअळीत पहिल्या प्रथिनाविरुद्ध प्रतिकारक्षमता आल्याचे जाहीर झाले आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापूस पट्ट्यात या अळीने मोठे नुकसान केले.

‘अळीला सवय झाली’ असे आपण म्हणतो. सवय ही एखाद्या जीवाला त्याच्या आयुष्यात लागते. येथे तसे घडलेले नाही. असंख्य अळ्यांत मुळातच काही थोड्या अशा होत्या की ज्यांच्यावर विषाचा परिणाम कमी होत होता. बाकीच्या मेल्या, या उरल्या. त्यांचीच पिढी वाढली आणि पुढील हंगामात त्यांचे प्रमाण अधिक झाले. कोणतीही अळी बदलली नाही. अळ्यांच्या समुदायातील प्रमाण बदलले. डार्विनने १८५९ मध्ये मांडलेले नैसर्गिक निवडीचे तत्त्व ते हेच, आणि ते यवतमाळच्या शेतात पाच-दहा हंगामांत पाहावयास मिळते.

शब्दातील हा फरक केवळ पांडित्याचा नाही. बीटी बियाण्याबरोबर बिगर-बीटी बियाणे शेताच्या कडेने ‘आश्रय ओळी’ म्हणून लावण्यास सांगितले जात असे. अळीला सवय लागते असे मानले, तर या ओळी म्हणजे निव्वळ नासाडी वाटते. निवडीचे तत्त्व कळले की त्यांचा हेतू ध्यानी येतो. त्या ओळींत वाढलेल्या, विषाला बळी पडणाऱ्या पतंगांचा संकर प्रतिकारक्षम पतंगांशी व्हावा आणि प्रतिकारक्षम पिढीची वाढ लांबावी, हा तो हेतू होता. अनेक शेतकऱ्यांनी त्या ओळी लावल्या नाहीत. त्यांना सूचना मिळाली होती, पण तिचे कारण समजले नव्हते.

जंतुनाशक औषधांची कथाही अशीच आहे. ‘माझ्या शरीराला त्या गोळीची सवय झाली’ असे रुग्ण म्हणतो. वस्तुतः प्रतिकार रुग्णाच्या शरीरात निर्माण होत नाही, तो जंतूंच्या समुदायात वाढतो. आणि तेच जंतू ज्याने ती गोळी कधी घेतलीच नाही अशा शेजाऱ्याकडेही जाऊ शकतात. पेनिसिलिनचा शोध १९२८ मध्ये लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या आपल्या नोबेल व्याख्यानातच या धोक्याचा इशारा दिला होता. सर्दीपडशासारख्या विषाणूजन्य विकारांवर ही औषधे चालत नाहीत आणि वैद्यकीय सल्ल्याशिवाय ती घेऊ वा सोडू नयेत, या सूचनांमागील कारण येथे विद्यार्थ्याला स्वतःला मांडता येते.

मांत्रिकाचा उतार आणि पुराव्याची कसोटी

चौथे वाक्य सर्वांत गंभीर आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडण्यात आला. यांपैकी बहुसंख्य मृत्यू ग्रामीण भागांतील होते. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप. पहिल्या दोहोंचे विष मुख्यतः मज्जासंस्थेवर आघात करते, उरलेल्या दोहोंचे रक्त गोठण्याच्या क्रियेवर. मण्यार बहुधा रात्री जमिनीवर निजलेल्या माणसास चावते. वेदना किंवा सूज फारशी नसल्याने दंश झाल्याचेच पुष्कळदा कळत नाही आणि पापण्या जड होईपर्यंत वेळ निघून जातो.

मांत्रिकाकडे गेलेली माणसे बरी झाल्याची उदाहरणे गावात असतात आणि ती खोटी नसतात. मग त्यांचा अर्थ कसा लावावयाचा? वर्गात हिशेबापुरती एक कल्पना करावी. समजा, शंभर जणांना साप चावला. त्यांतील सत्तर साप बिनविषारी निघाले. उरलेल्या तिसांपैकी दहा दंशांत सापाने पुरेसे विष सोडलेच नाही. म्हणजे ऐंशी माणसे कोणताही उपचार न करता वाचणारच होती. मांत्रिकाच्या नावावर ऐंशी यश जमा होतात. खरा प्रश्न उरलेल्या वीस जणांचा असतो, आणि त्यांच्याबाबतीत प्रतिविषाखेरीज तरणोपाय नसतो.

पुरावा म्हणजे नुसती उदाहरणे नव्हेत, तर तुलना, हे तत्त्व विद्यार्थ्याला या हिशेबातून कळते. त्याचे दुसरे उदाहरण मुंबईच्याच इतिहासात आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. वाल्देमार हाफकिन यांनी तयार केलेली लस जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि नंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. लस घेतलेले व न घेतलेले कैदी एकाच तुरुंगात, एकाच अन्नावर आणि एकाच साथीत होते. त्यामुळे दोन्ही गटांची तुलना करता आली आणि ती लसीच्या बाजूने गेली. स्वेच्छेने पुढे आलेले कैदी मुळातच अधिक सुदृढ असतील तर ही तुलना कितपत निर्दोष ठरते, असाही प्रश्न शिक्षकाने अवश्य विचारावा. विद्यार्थ्याने सरकारी पुराव्यालाही तीच कसोटी लावली पाहिजे.

प्रतिविषाची कृती येथे समजावून देता येते. घोड्याला विषाची अल्प मात्रा क्रमाक्रमाने देतात, त्याच्या रक्तात त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि ती वेगळी करून औषध बनवितात. ही प्रतिपिंडे रक्तात फिरणाऱ्या विषाला बांधून ठेवतात. जी इजा होऊन गेली ती मात्र भरून काढीत नाहीत. म्हणूनच वेळेला महत्त्व आहे. दंशाची जागा कापणे, विष चोखणे, दोरीने घट्ट आवळणे या गोष्टी टाळून, रुग्णाला धीर देऊन, दंश झालेला अवयव स्थिर ठेवून त्याला तातडीने रुग्णालयात हलविणे हाच योग्य मार्ग होय. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाच्या अनुसूचीत कुत्रा, साप वा विंचू चावलेल्या व्यक्तीस वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे यांसारखे उपचार करणे समाविष्ट आहे. या कायद्यामागील जीवशास्त्र ज्याला उमगले, तो कर्मचारी किंवा पंचायत सदस्य गावकऱ्यांना धाक न घालता पटवून देऊ शकेल.

गाव हीच प्रयोगशाळा

विज्ञानेतर विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र प्रयोगशाळा अनेक महाविद्यालयांत उपलब्ध होणार नाही. परंतु जैविक विविधता अधिनियम, २००२ मुळे एक वेगळीच प्रयोगशाळा गावोगाव उघडी झाली आहे. या कायद्यानुसार ग्रामपंचायतीच्या क्षेत्रात जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असते आणि स्थानिक लोकांच्या विचारविनिमयाने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या नोंदवह्यांच्या कल्पनेचा सातत्याने पुरस्कार केला.

या कामी कला-वाणिज्य शाखांचे विद्यार्थी उणे पडत नाहीत. काही बाबतींत तेच सरस ठरतात. भाषेचा विद्यार्थी वनस्पतींची स्थानिक नावे नोंदवील, इतिहासाचा विद्यार्थी वृद्धांकडून नाहीशा झालेल्या भातवाणांची माहिती मिळवील, वाणिज्यचा विद्यार्थी मोहफूल किंवा हिरड्याच्या बाजारभावाचा तक्ता करील. पश्चिम महाराष्ट्रातील ‘टाकळा’ आणि विदर्भातील ‘तरोटा’ ही एकाच वनस्पतीची नावे आहेत, हे लक्षात आले की ‘सेना टोरा’ या शास्त्रीय नावाची गरज विद्यार्थ्याला स्वतःलाच पटते. वर्गीकरणाचा जो पाठ पुस्तकात रुक्ष वाटतो, तो बांधावर असा सहज समजतो. तयार झालेल्या नोंदी ग्रामपंचायतीला उपयोगी पडतात, ही जमेची बाजू वेगळीच.

तासिकांची वाटणी आणि परीक्षा

तीस तासिकांची वाटणी पुढीलप्रमाणे करता येईल : झाडाचे अन्न व अन्नसाखळी ६, आनुवंशिकता ७, निवड व प्रतिकारक्षमता ६, विष, लस व पुराव्याची कसोटी ६ आणि गावातील नोंदी ५. यात पचनसंस्थेची आकृती नाही, वनस्पतींचे विभाग नाहीत. अनेक गोष्टी गळल्या आहेत. जीवशास्त्राच्या अभ्यासकाला ही काटछाट जड जाईल, हे खरे. आपल्या विषयाचा विस्तार दाखवावा, असे प्रत्येक प्राध्यापकाला वाटते. परंतु साठ गोष्टींची तोंडओळख करून देण्यापेक्षा चार गोष्टी पुराव्यानिशी समजावून देणे या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने अधिक हिताचे आहे.

अर्थात परीक्षा बदलली नाही तर वर्गातील बदल टिकणार नाही. ‘प्रतिपिंडाची व्याख्या लिहा’ असा प्रश्न आला की विद्यार्थी व्याख्याच पाठ करणार. त्याऐवजी ‘अमुक काढ्याने दहा जणांचा ताप तीन दिवसांत उतरला, अशी जाहिरात आहे, ती खरी मानण्यापूर्वी आणखी कोणती माहिती मागवाल?’ असा प्रश्न विचारावा. याचे उत्तर मार्गदर्शिकेतून पाठ करता येत नाही. अशा उत्तरपत्रिका तपासण्यास वेळ अधिक लागतो आणि वर्गात ऐंशी-शंभर विद्यार्थी असतात, ही अडचण खरी आहे. विद्यापीठांनी प्रश्नसंच व गुणदानाचे निकष तयार करून दिल्यास ती बरीच हलकी होईल.

भाषेचा प्रश्नही दुर्लक्षून चालणार नाही. पेशी, जनुक, प्रतिपिंड, प्रथिन हे शब्द मराठीत रुळलेले आहेत. जेथे इंग्रजी शब्दच प्रचारात आहे, तेथे तोच ठेवावा. विद्यार्थ्याने आपले उत्तर घरी आजीला सांगता येईल अशा मराठीत सांगावे, ही कसोटी ठेवली तर त्याला ते किती समजले हेही कळते आणि ज्ञान घरापर्यंतही पोहोचते.

शासन, शाळा व पंचायती यांचा वाटा

हे काम एकट्या प्राध्यापकांवर सोपवून भागणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी वर्षातून एक तासिका महाविद्यालयाला द्यावी. कृषी सहायकांनी बोंडअळीचे कामगंध सापळे विद्यार्थ्यांना शेतात दाखवावेत. ग्रामपंचायतींनी जैवविविधता नोंदवहीच्या कामात जवळच्या महाविद्यालयाला सहभागी करून घ्यावे. प्रतिविष उपलब्ध असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते आणि तेथे पोहोचण्यास किती वेळ लागतो, हे चावडीच्या भिंतीवर लिहून ठेवण्याचे काम विद्यार्थ्यांकडून एका दिवसात होण्यासारखे आहे. माध्यमिक शाळांतील शिक्षकांनाही नाण्यांचा खेळ किंवा चुलीतील राखेचा पाठ नववी-दहावीच्या वर्गात सहज घेता येईल.

वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि चौकस बुद्धी यांचा विकास करणे हे १९७६ च्या घटनादुरुस्तीने प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविलेले आहे. त्यात विज्ञान शाखेच्या पदवीची अट नाही. कला व वाणिज्य शाखांच्या मुलामुलींना या तीस तासिकांत आपल्याच बोलण्यातील चार वाक्ये तपासून पाहण्याची सवय लागली, तर पुढे शिक्षक, कर्मचारी किंवा सरपंच म्हणून त्यांच्यासमोर येणाऱ्या पाचव्या आणि सहाव्या वाक्यालाही ते तोच प्रश्न विचारतील : हे आपल्याला कशावरून कळले?